क्ष-किरणांच्या जाळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णविवरांवर किंवा ताऱ्यांच्या प्रभामंडळावर (ताऱ्याभोवतीच्या तापलेल्या वायूच्या वेढ्यावर) बोलणं झालं की श्रोत्यांतून हमखास एक हात वर होतो: "पण हे इतक्या लांबून कळतं कसं?" पाठोपाठ दुसरा, तिसरा. क्ष-किरण खगोलशास्त्रात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एका जाळीपाशी येऊन थांबतं, आणि नेमकी तीच फोटोत कधी दिसत नाही. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांना सारखीच जागा दिलेली नाही, कारण सगळे सारखेच खोल नाहीत.

जाळी म्हणजे नेमकं काय?

रात्री काळी छत्री उघडा आणि ताणलेल्या कापडातून दूरच्या रस्त्यावरचा दिवा बघा. (सूर्याकडे नाही, हे सांगायला नकोच.) एका दिव्याऐवजी अधिकच्या चिन्हासारखी ठिपक्यांची रांग दिसेल. दिवा पांढऱ्या एलईडीचा असेल तर बाजूच्या ठिपक्यांची आतली कड निळसर आणि बाहेरची तांबूस दिसेल. धाग्यांमधल्या फटी सारख्या अंतरावर असल्यामुळे काही ठरावीक दिशांनाच प्रत्येक फटीतून आलेल्या लाटा एकमेकींच्या तालात पोचतात. ही दिशा तरंगलांबीवर ठरते, म्हणून रंग सुटे होतात. पाठ्यपुस्तकात याला विवर्तन म्हणतात.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं त्याचीही गंमत आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमाल डोळ्यांसमोर ताणून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. रुमाल हलवला तरी दिसणारी नक्षी हलेना. त्यांनी हे कोडं १७८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या डेव्हिड रिटनहाउस यांच्यापुढे टाकलं. रिटनहाउस हे घड्याळं आणि उपकरणं बनवणारे कुशल कारागीर. त्यांनी पितळी तारेच्या बारीक आट्यांमध्ये केस शेजारी शेजारी ताणून बसवले आणि जगातली पहिली विवर्तन जाळी तयार केली. आज अवकाशात फिरणारी जाळी तत्त्वाने तीच आहे. केसांच्या जागी सोन्याच्या पट्ट्या आल्या आणि अंतर हजारपटीने कमी झालं, इतकंच.

क्ष-किरण आरपार जातात ना? मग त्यांना जाळी अडवते कशी?

दवाखान्यातल्या एक्स-रेमुळे सगळ्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं. पण जाळीवाल्या दुर्बिणी प्रामुख्याने जे क्ष-किरण मोजतात ते "मऊ" असतात. त्यांची तरंगलांबी साधारण १ ते १०० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची ४,००० ते ७,०००. मऊ क्ष-किरण इतके नाजूक की आपलं वातावरण त्यांना जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तर दुर्बीण वर न्यावी लागते.

तरीही सोन्याची पातळ पट्टी त्यांना पूर्ण अडवत नाही, आणि करामत याच अर्धवटपणात आहे. पट्टीतून गेलेली लाट मोकळ्या फटीतून गेलेल्या लाटेच्या तुलनेत थोडी सरकते. पट्टीची जाडी मोजून मापून ठेवली तर सरळ जाणारा प्रकाश एकमेकांना मारतो आणि बाजूच्या दिशांना जास्त प्रकाश वळतो. पट्टी अपारदर्शक असती तर एवढा फायदा झाला नसता.

लोलकाने का नाही भागत?

क्ष-किरणांसाठी काचेचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो, किंबहुना किंचित कमीच. त्यामुळे लोलक त्यांना वाकवत नाही, फक्त गिळतो.

इतके सुंदर रंगीत फोटो येतात, मग वर्णपट कशाला?

त्या फोटोंतले रंग आपण भरलेले असतात, हे आधी सांगून टाकतो. कमी ऊर्जेला तांबडा, जास्त ऊर्जेला निळा, असा संकेत ठरवून घेतलेला असतो. साध्या क्ष-किरण कॅमेऱ्याला ऊर्जा ढोबळच कळते. वर्णपटात शेजारी शेजारी असलेल्या दहा रेषा (रेषा म्हणजे एकाच ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश) त्याला एक टेकाड म्हणून दिसतात.

ब्रह्महृदय घ्या. हिवाळ्यात सारथी तारकासमूहात दिसणारा तो पिवळसर ठळक तारा, आपल्यापासून सुमारे ४३ प्रकाशवर्षांवर. क्ष-किरणांत तो इतका तेजस्वी आणि रेषांनी भरलेला आहे की चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या अवकाशातल्या दोन्ही क्ष-किरण दुर्बिणींच्या जाळ्या पारखायला त्याचाच वापर झाला. साध्या कॅमेऱ्याला तिथे १५ ते १७ अँगस्ट्रॉमच्या आसपास एक जाड ढेकूळ दिसतं. जाळी लावली की तेच १५.०१, १७.०५, १७.१० अशा सुट्या रेषांमध्ये फुटतं. या रेषा सोळा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या. लोखंडाची अशी दशा व्हायला लाखो अंश तापमान लागतं, म्हणजे रेषा ओळखली की तापमापक हाती आला. फोटोत वस्तू कुठे आहे ते दिसतं. ती कशाची आहे, किती तापली आहे, आपल्याकडे येते की दूर जाते, हे सगळं रेषांमधून वाचावं लागतं.

मोजमाप प्रत्यक्षात कसं होतं? थोडं गणित चालेल.

मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण शेवटी ते पट्टीने अंतर मोजणंच आहे.

चंद्रा दुर्बिणीतल्या उच्च ऊर्जेच्या जाळीत दोन प्रकारचे तुकडे आहेत. त्यांपैकी मध्यम प्रकारात दोन पट्ट्यांमधलं अंतर ४,००१ अँगस्ट्रॉम. जाळी आरशांच्या मागे बसते आणि तिथून डिटेक्टर ८.६३ मीटरवर. सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची पहिली रेषा २१.६० अँगस्ट्रॉमची. २१.६० ला ४,००१ ने भागा, ८.६३ मीटरने गुणा. उत्तर ४६.६ मिलिमीटर. मधल्या सरळ प्रतिमेपासून ४६.६ मिलिमीटरवर जो फोटॉन (प्रकाशाचा कण) पडला तो या रेषेचा.

तिची शेजारीण २१.८० वर. ती पडते ४७.० मिलिमीटरवर. म्हणजे दोघींत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर. हे भरपूर आहे का? डिटेक्टरचा एक पिक्सेल ०.०२४ मिलिमीटरचा, म्हणजे मध्ये अठरा पिक्सेल मोकळे. निवांत वेगळ्या ओळखू येतात.

एक अडचण मात्र आहे. छत्रीतल्या दिव्यासारखेच इथेही एकाच तरंगलांबीचे बरेच ठिपके पडतात: मधल्यापासून पहिला म्हणजे पहिला क्रम, दुसरा म्हणजे दुसरा क्रम. २१.६० अँगस्ट्रॉमचा फोटॉन पहिल्या क्रमात जिथे पडतो, तिथेच १०.८० चा फोटॉन दुसऱ्या क्रमात पडतो. जाळीच्या दृष्टीने दोघेही सारखे. इथे तो "ढोबळ" कॅमेरा उपयोगी पडतो. २१.६० आणि १०.८० यांच्या ऊर्जेत दुपटीचा फरक असतो, आणि एवढं त्याला नक्की कळतं. जागा जाळीने ठरवायची, क्रम कॅमेऱ्याने. माझ्या मते या उपकरणातली सगळ्यात देखणी सोय हीच.

ऑक्सिजनच्या तीन रेषांची एवढी चर्चा का?

कारण त्यांवरून वायू किती दाट आहे ते कळतं, आणि लांबून घनता कळणं महाकठीण.

दोनच इलेक्ट्रॉन शिल्लक राहिलेला अणू, मग तो ऑक्सिजनचा असो वा निऑनचा, एका जागी तीन रेषा देतो. त्यांतली तिसरी रेषा देणारी अवस्था फार सावकाश विझते. दुपारी वामकुक्षीला आडवा झालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. घरात शांतता असेल तर तो आपली झोप पुरी करून आपणहून उठतो. ही तिसरी रेषा. पण तेच लग्नघर असेल, माणसांची ये-जा चालू असेल, तर कोणीतरी धक्का देऊन त्याला दुसऱ्याच खोलीत पाठवतं, आणि तो तिथून उठतो. ही मधली रेषा. दाट वायूत इलेक्ट्रॉनांचे धक्के जास्त, म्हणून तिसरी रेषा मंदावते आणि मधली उजळते. दोघींचं गुणोत्तर काढलं की घरात गर्दी किती ते कळलं.

वासुकी तारकासमूहात टीडब्ल्यू हायड्री नावाचा एक कोवळा तारा आहे, वय कोटीभर वर्षं. त्याच्या निऑनच्या रेषा चंद्राच्या जाळीने सुट्या केल्या तेव्हा घनता निघाली एका घन सेंटिमीटरमध्ये लाख कोटी इलेक्ट्रॉन किंवा त्याहून जास्त. ताऱ्यांच्या नेहमीच्या प्रभामंडळापेक्षा ही कितीतरी पट आहे. मग तो प्रकाश प्रभामंडळाचा नसावा. भोवतालच्या तबकडीतला वायू ताऱ्यावर कोसळतो आहे आणि आपटतो तिथे तापतो आहे, हा निष्कर्ष त्या गुणोत्तरातून आला. तो वायू कोसळताना कोणत्याही फोटोत दिसलेला नाही.

इतक्या बारीक रेघा आखतं कोण?

आखत कोणीच नाही. उच्च ऊर्जेची जाळी अमेरिकेतल्या एमआयटीने तयार केली. एकाच लेसरच्या दोन झोतांना एकमेकांवर तिरपे आणलं की त्यांच्या लाटांमुळे उजेड-अंधाराचे समान पट्टे आपोआप उमटतात. प्रकाशाला संवेदनशील थर दिलेल्या चकतीवर ते पट्टे घ्यायचे, धुवून खाचा मोकळ्या करायच्या आणि त्यांत विद्युतलेपनाने सोनं भरायचं. शेवटी खालचं सिलिकन काढून टाकायचं. उरतात पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकच्या पडद्यावर उभ्या सोन्याच्या भिंती. जास्त बारीक तुकड्यांमध्ये भिंतींमधलं अंतर २,००० अँगस्ट्रॉम, उंची सुमारे ५,१०० आणि रुंदी १,२००. रुंदीच्या चौपट उंच, आणि तरीही रॉकेटच्या हादऱ्यात टिकून राहायचं.

असे ३३६ तुकडे, प्रत्येक साधारण इंचभराचा, चार वर्तुळांत बसवले आहेत. आतल्या दोन वर्तुळांत बारीक अंतराचे, बाहेरच्या दोनांत मध्यम. दोन्ही प्रकार एकमेकांना थोडे तिरपे ठेवल्यामुळे डिटेक्टरवर चपट्या फुलीसारखी आकृती उमटते आणि दोन्ही वर्णपट वेगवेगळे राहतात.

चंद्रा दुर्बिणीवर कमी ऊर्जेसाठी दुसरी जाळीही आहे. ती नेदरलँड्स आणि जर्मनीच्या संस्थांनी केली. तिला पडदाच नाही, नुसत्या सोन्याच्या तारा. पण तारांना आधाराची चौकट लागते, आणि ती चौकटही विवर्तन करते! त्यामुळे मधल्या प्रतिमेभोवती नक्षीदार चांदणी दिसते. नवख्या माणसाला तो शोध वाटतो.

एक्सएमएम-न्यूटनची जाळी वेगळी आहे का?

आहे. चंद्रा २३ जुलै १९९९ ला गेली, तर युरोपची एक्सएमएम-न्यूटन त्याच वर्षी १० डिसेंबरला. तिच्या जाळ्या आरपार नाहीत, परावर्तनाच्या आहेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांवर मिलिमीटरला सुमारे ६४६ रेघा, आणि क्ष-किरण त्यांवरून अगदी घासून जातात. मूळ जाळी एकच, बाकीच्या तिचे ठसे. त्या आरशांच्या मागे कायमच्या बसवल्या आहेत, आणि निम्म्याच्या आसपास प्रकाश त्यांच्याकडे जातो. त्यामुळे कॅमेऱ्याने काहीही पाहिलं तरी वर्णपट सोबत मिळतोच. चंद्रा दुर्बिणीवर मात्र जाळी दाराच्या झडपेसारखी हवी तेव्हा प्रकाशाच्या वाटेत आणायची.

एक्सएमएमवर असे दोन संच आहेत. प्रक्षेपणानंतर लवकरच दोन्हींच्या डिटेक्टरमधली एकेक चिप बंद पडली. नशीब असं की दोन्ही संचांतली चिप वेगवेगळ्या जागची होती. एकाचं भोक दुसरा भरून काढतो. फक्त ऑक्सिजनची ती तिकडी बघायची तर पहिल्याच संचावर भिस्त, कारण दुसऱ्याला तिथे खिंडार आहे. चंद्राचीही वेगळी तक्रार आहे. तिच्या कॅमेऱ्याच्या थंड गाळणीवर वर्षानुवर्षं कार्बनयुक्त पदार्थांचा थर साचत गेला, त्यामुळे लांब तरंगलांबीकडचा भाग अंधुक झाला आहे. अवकाशात जाऊन गाळणी पुसता येत नाही.

जाळीमुळे लागलेला सगळ्यात मोठा शोध कोणता?

माझं मत विचाराल तर जो सापडला नाही तो.

दीर्घिकांच्या मोठ्या समूहांमध्ये कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. तो क्ष-किरण सोडतो, म्हणजे ऊर्जा घालवतो, म्हणजे मध्यभागी थंड होत गेला पाहिजे. दोन-तीन दशकं सगळे हेच धरून चालले होते. थंड होताना तो त्या लोखंडाच्या १५ आणि १७ अँगस्ट्रॉमच्या रेषा दिल्याशिवाय राहणार नाही, हे गणित पक्कं होतं. २००१ मध्ये एक्सएमएमच्या जाळीने एबल १८३५ या समूहाकडे पाहिलं, आणि त्या रेषा जेवढ्या हव्या होत्या तेवढ्या नव्हत्याच. वायू भोवतालच्या तापमानाच्या एक तृतीयांशापर्यंत उतरतो आणि त्याखालचा जवळजवळ दिसतच नाही. काहीतरी त्याला शेकत होतं. आज बोट जातं मधल्या कृष्णविवराकडे. ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहात त्याने वायूत पाडलेले पोकळ बुडबुडे फोटोतच दिसतात. पण चुलीखाली विस्तव आहे ही शंका आधी वर्णपटाने घेतली.

दुसरं उदाहरण एनजीसी ३७८३ या दीर्घिकेचं. चंद्राने तिच्याकडे एकूण ९ लाख सेकंद, म्हणजे दहा दिवसांहून जास्त, टक लावून पाहिलं. ऑक्सिजनपासून लोखंडापर्यंत शोषणरेषांची (वाटेतल्या वायूने गिळलेल्या तरंगलांबींची) रांगच मिळाली. सगळ्या थोड्या निळ्या बाजूला सरकलेल्या. म्हणजे कृष्णविवराजवळून सेकंदाला सरासरी सुमारे ५९० किलोमीटर वेगाने वारा आपल्या दिशेने वाहतो आहे. कृष्णविवर सगळं गिळतं म्हणणाऱ्यांना मी हीच दीर्घिका सांगतो.

इतके दिवस का लागतात?

प्रकाश फार थोडा मिळतो म्हणून. १ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक, किलो म्हणजे असे हजार) चंद्राच्या उच्च ऊर्जेच्या जाळीचं परिणामी क्षेत्रफळ, म्हणजे प्रकाश प्रत्यक्ष पकडणारी जागा, सुरुवातीलाच जेमतेम ५९ चौरस सेंटिमीटर होतं. टपालाच्या पोस्टकार्डाच्या निम्म्याहून कमी. एवढ्या खिडकीतून एकेक फोटॉन मोजायचा.

जपानची एक्सरिझम आल्यावर जाळ्या मोडीत निघाल्या का?

नाही, आणि कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या एक्सरिझम या क्ष-किरण दुर्बिणीवर रिझॉल्व्ह नावाचा उष्णतामापक आहे. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा विसावा भाग, इतका तो थंड ठेवतात. फोटॉन पडला की किंचित तापमान वाढतं, ती वाढ मोजायची. चूक सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्टची, फोटॉन कोणताही असो.

लोखंडाच्या दुसऱ्या एका रेषेचा फोटॉन ६,४०० इलेक्ट्रॉनव्होल्टचा. त्यात ५ ची चूक म्हणजे बाराशेत एक. तिथे चंद्राची जाळी दीडशेत एकवर अडते, रिझॉल्व्हने तिला सहज मागे टाकलं. पण ऑक्सिजनचा फोटॉन ५७४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तिथे ५ ची चूक म्हणजे शंभर-सव्वाशेत एक, तर एक्सएमएमची जाळी साडेतीनशेत एक देते आणि चंद्राची नऊशेत एक. जाळीची चूक तरंगलांबीत ठरलेली असते. लाट जितकी लांब, तितकी जाळी सरस.

शिवाय रिझॉल्व्हसमोरची संरक्षक झडप अवकाशात गेल्यावर उघडलीच नाही. तिच्यातल्या बेरिलियमच्या खिडकीमुळे १,७०० इलेक्ट्रॉनव्होल्टखालचा बहुतेक प्रकाश आतच येत नाही. ऑक्सिजनसाठी पुन्हा १९९९ च्या जाळ्यांकडेच यावं लागतं.

आपल्या ॲस्ट्रोसॅटवर जाळी आहे का?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात हमखास येतो आणि उत्तर थोडं चकवणारं आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरची मऊ क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली झाली. तिच्यात सोन्याच्या मुलाम्याचे आरसे आणि कॅमेरा आहे, जाळी नाही. पण त्याच उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीत जाळ्या आहेत! गाळण्यांच्या चाकावर बसवलेल्या. म्हणजे ॲस्ट्रोसॅटवर जाळी आहे, क्ष-किरणांची नाही. ॲस्ट्रोसॅटचं बळ वेगळं: एकच वस्तू एकाच वेळी अतिनील ते कठीण क्ष-किरण अशी बघणं, आणि तिच्या झपाट्याने होणाऱ्या चढउतारांना पकडणं.

क्ष-किरणांवर जाळी पहिल्यांदा कोणी चालवली?

१९२५ मध्ये आर्थर कॉम्प्टन आणि रिचर्ड डोन यांनी, शिकागोत. मिलिमीटरला फक्त ५० रेघांची जाळी. युक्ती अशी की किरण पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सोडले. त्या कोनातून बघता रेघा दाटीवाटीने उभ्या असल्यासारख्या दिसतात आणि क्ष-किरण आत न शिरता परततात.

यातून एक अनपेक्षित भांडण उभं राहिलं. तोवर क्ष-किरणांची तरंगलांबी स्फटिकातल्या अणूंच्या रांगा वापरून मोजत. स्फटिकाने मोजलेली तरंगलांबी आणि जाळीने मोजलेली यांत सुमारे ०.२ टक्के तफावत येऊ लागली. आधी संशय नव्या पोरीवर, म्हणजे जाळीवर. पण जाळीत चुकण्यासारखं होतंच काय? अंतर आणि कोन. स्फटिकाच्या हिशेबात मात्र अणूंमधलं अंतर लागतं, त्यासाठी अणूंची संख्या, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार. तो भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांच्या तेलाच्या थेंबांच्या प्रयोगावरून घेतलेला, ज्यासाठी त्यांना नोबेल मिळालं होतं. १९३० च्या दशकात छडा लागला. थेंबांच्या हिशेबात धरलेली हवेची श्यानता (थेंबाला होणारा हवेचा चिकट विरोध) चुकीची होती, आणि भार सुमारे ०.६ टक्क्याने कमी निघाला होता.

दुर्बिणीचं नाव चंद्रा म्हणजे ती चंद्रावर आहे का?

नाही. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावावरून. ती पृथ्वीभोवतीच फिरते, पण फार लांबट कक्षेत.

पुढची जाळी कशी असेल?

एमआयटीत सिलिकनच्या जाळ्यांवर बरीच वर्षं काम चालू आहे. न्हाणीघराच्या खिडकीत तिरप्या काचा असतात, तशा पट्ट्या. त्यांच्यामधलं अंतर २०० नॅनोमीटर. किरण फटीतून जाताना पट्टीच्या गुळगुळीत बाजूवरून घासून परावर्तित होतात, त्यामुळे प्रकाश एका बाजूला लोटला जातो. आरपार जाळीचा हलकेपणा आणि परावर्तनाच्या जाळीची कार्यक्षमता एकत्र. आर्कस नावाच्या मोहिमेचा प्रस्ताव याच जाळ्यांवर उभा होता. २०२४ च्या ऑक्टोबरात नासाने पुढच्या अभ्यासासाठी दोन मोहिमा निवडल्या, त्यांत आर्कस नव्हती. जाळ्या मात्र तयार आहेत.

हे वर्णपट मला घरी बसून बघता येतील?

हो, फुकट. चंद्राची निरीक्षणं काही काळाने सर्वांसाठी खुली होतात. एमआयटीने चंद्राच्या जाळीच्या वर्णपटांची टीजीकॅट नावाची यादी ठेवली आहे. तिच्यात कॅपेला, म्हणजे आपलं ब्रह्महृदय, शोधा आणि आलेख उघडा. आधी १५ अँगस्ट्रॉमपाशी बघा, मग १७ पाशी. शेजारी उभ्या दिसतात त्या वर सांगितलेल्या लोखंडाच्या रेषा. तिथून १९ कडे सरकलात तर १८.९७ वर एकटी, ठसठशीत रेषा लागेल. ती सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची.